४११ एकरात माझं कोण? वाचकांचे प्रश्न, यंदा सगळे विद्यापीठाचे

निकाल लागले की दरवर्षी या सदराकडे पत्रांची रीघ लागते, यंदा पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, की विद्यापीठात जायचंय तर तिथे नेमकं असतं कसं. बरेचसे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाबद्दल आहेत आणि मी स्वतः एमए न् पीएचडी तिथेच केलेली, त्यामुळे उत्तरं त्याच कॅम्पसच्या हिशेबाने देतेय. मुंबई, नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगरवाल्यांनी थोडं इकडेतिकडे करून घ्या, फार फरक पडत नाही. नावं कुणाचीच छापत नाहीये.

ताई, मी लातूर जिल्ह्यातली. तालुक्याच्या कॉलेजात बीए केलं, वर्गात आम्ही थोडीच मुलं, सर सगळ्यांना नावाने हाक मारायचे. पुण्याला एमए मराठीला माझं नाव लागलंय. बाबांसोबत ॲडमिशनला गेले तर मेन गेटपासून डिपार्टमेंट सापडेपर्यंत आमची दमछाक झाली. एवढ्या मोठ्या ठिकाणी मला कोण विचारणार? पहिल्या महिन्यात काय होतं तिथे?

अगं, ४११ एकर आहे ते, दमछाक सगळ्यांचीच होते. मेन बिल्डिंग म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला बंगला होता, त्याच्या भोवतीची सगळी जागा १९४९ साली विद्यापीठाला मिळाली आणि मग जशी गरज पडेल तसे विभाग बांधत गेले, त्यामुळे रस्त्यांना काही क्रम वगैरे नाही. पण तू काही ४११ एकरात राहणार नाहीयेस. तुझं डिपार्टमेंट, जयकर ग्रंथालय, हॉस्टेल आणि मेस, एवढ्या चार जागांच्या मधेच तुझी दोन वर्षं जाणार, बाकीचा कॅम्पस फिरायला आणि रुसून बसायला.

तुला कोण विचारणार, तर खरं सांगते, पहिले काही आठवडे कुणीच नाही. याची मनाची तयारी करून ये म्हणजे त्रास होणार नाही. मोठ्या सरकारी विद्यापीठात तुझं काही अडलं तर तू जाऊन विचारेपर्यंत कुणाला कळतच नाही, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, रचनाच तशी आहे. म्हणून पहिल्याच आठवड्यात डिपार्टमेंटच्या ऑफिसात जाऊन तिथल्या क्लार्कची न् शिपाईमामांची ओळख करून घे. फॉर्मची तारीख पुढे गेली, वर्ग बदलला, सर आज येणार नाहीत, स्कॉलरशिपचा अर्ज परत आलाय, हे सगळं विभागप्रमुखांच्याही आधी त्यांना माहीत असतं. मी तर म्हणेन विद्यापीठ बिद्यापीठ काही नसतं, डिपार्टमेंट असतं. सर्टिफिकेटवर विद्यापीठाचं नाव येतं पण तुझं बरंवाईट सगळं डिपार्टमेंटमध्ये ठरतं.

आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, मार्कांचंही तसंच आहे. कॅम्पसवरच्या विभागांत निम्मे मार्क इंटर्नलला असतात, म्हणजे टेस्ट, असाइनमेंट, प्रेझेंटेशन असं सेमिस्टरभर चालू. तालुक्याच्या कॉलेजात शेवटच्या महिन्यात गाईड वाचून फर्स्ट क्लास काढायची सवय लागलेली असते आपल्याला, ती इथे पहिल्या सेमिस्टरलाच अंगाशी येते. कारण सुरुवातीला वातावरण एकदम निवांत असतं, ॲडमिशनच्या याद्या लागत असतात, वर्गात रोज नवीन चेहरा, टाइमटेबल तीनदा बदलतं, सगळ्यांना वाटतं अजून कुठे काय सुरू झालंय, आणि मग एकाच आठवड्यात तीन पेपरच्या इंटर्नल येऊन पडतात. त्यात आता नवीन शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षीच रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर आणि पुढे ऑन जॉब ट्रेनिंग पण आलंय, तर मराठीच्या मुलीने ट्रेनिंग करायचं कुठे, याचा विचार दिवाळीतच सुरू कर. प्रकाशनसंस्था, वर्तमानपत्र, आकाशवाणी, पुण्यात जागांना तोटा नाही, पण विचारायला आपण जावं लागतं.

सरांनी नावाने ओळखावं असं वाटतं ना, तर एक सोप्पी युक्ती. डिपार्टमेंटमध्ये अधूनमधून चर्चासत्रं होतात, बाहेरचे वक्ते येतात आणि हॉलमध्ये माणसं मोजकीच असतात. तिथे जाऊन बस आणि एक प्रश्न विचार, कसाही. दुसऱ्या दिवसापासून तुझं नाव माहीत असतं.

जयकरमध्ये जागा हवी असेल तर सकाळी लवकर जायचं, उशिरा गेलीस तर खुर्चीवर माणूस नाही पण बॅग असते आणि त्या बॅगेशी भांडता येत नाही. तुझ्या विषयाच्या जुन्या मासिकांसाठी मात्र तिथल्या स्टाफला विचार, मागितलं तर काढून देतात, कुणी मागतच नाही.

आणि महत्त्वाचं राहिलं, तू नांदेड विद्यापीठाच्या हद्दीतून येतेयस तर मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याचा दाखला लागेल, आत्ताच अर्ज करून ठेव. ॲडमिशन झालं म्हणजे झालं असं नसतं, नंतर एलिजिबिलिटी नावाचा प्रकार असतो, आधीचे कागद तपासून विद्यापीठ तुला पात्र ठरवतं तो, आणि तो अडकला की निकाल राखून ठेवतात.

मॅडम नमस्कार, मी पाथर्डी तालुक्यातला शेतकरी. मुलीला एमएस्सी केमिस्ट्रीला विद्यापीठात प्रवेश मिळतोय. हॉस्टेल नक्की मिळतं का? आणि मुलींचं शिक्षण सरकारने मोफत केलंय असं ऐकलं, मग फी कशाची मागतायत?

नमस्कार. आधी फीचं सांगते कारण हा गैरसमज खूप जणांचा आहे. शासनाचा तो निर्णय जुलै २०२४ चा, आणि तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल वगैरे, जिथे सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश होतो, आणि त्यातही ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींसाठी. साधी एमएस्सी त्यात धरू नका. पण म्हणून काहीच मिळत नाही असंही नाही, शासनाच्या शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटी पोर्टलवर तुमच्या प्रवर्गाप्रमाणे ज्या योजना दिसतील त्या भरा. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो, तो पाथर्डीच्या तहसीलमधूनच काढून मुलीच्या हातात द्या, पुण्यात आल्यावर त्या एका कागदासाठी एसटीचा फेरा पडतो.

हॉस्टेल नक्की मिळतं असं मी कुणालाच सांगत नाही. कॅम्पसवरच्या हॉस्टेलांत कॅम्पसवरच्या विभागांचे विद्यार्थी घेतात, गुणवत्ता आणि आरक्षण बघून यादी लागते आणि अर्ज जागांपेक्षा खूप जास्त असतात. अर्ज पहिल्या दिवशी भरा, यादीवर लक्ष ठेवा, पण दोन-तीन महिने बाहेर काढायची तयारी ठेवूनच या. बाहेर म्हणजे खडकी, औंध, सांगवी, बोपोडी या बाजूला मुली कॉट बेसिसवर राहतात. खोली बघायला दुपारी जाऊ नका, संध्याकाळी सात-साडेसातला बसस्टॉपपासून त्या खोलीपर्यंत स्वतः चालत जाऊन बघा, केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल संपून मुलगी त्याच वेळेला त्याच रस्त्याने येणार आहे. पाणी किती वेळ येतं ते मालकिणीला नाही, आधीपासून राहणाऱ्या मुलींना विचारा. डिपॉझिट परत कसं मिळणार ते लिहून घ्या.

हॉस्टेल नाहीच मिळालं तर शासनाच्या निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत. अनुसूचित जातीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, शिवाय डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या शहराला वर्षाला ६० हजार धरलेत. फक्त एक लक्षात घ्या, हा पैसा हप्त्याने येतो आणि उशिरा येतो, घरमालक आणि मेसवाल्या काकू तोपर्यंत थांबत नाहीत. पहिल्या सहा महिन्यांची सोय हातात ठेवूनच मुलीला पाठवा, योजनेच्या भरवशावर नको.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. प्रॅक्टिकलच्या वेळात फोन लागला नाही म्हणून घाबरून डिपार्टमेंटला फोन करू नका. रात्री जेवल्यावर बोला, निवांत बोलेल.

ताई अटेंडन्स खरंच ७५ टक्के लागते की नुसतं घाबरवतात?

कागदावर लागते. डिपार्टमेंटनुसार फरक पडतो, सायन्सला प्रॅक्टिकल बुडवलंस तर सुटका नाही, आर्ट्सला काही ठिकाणी दोन लेक्चर बुडाली तरी चालून जातं. पण अरे, इंटर्नलचे मार्क जे देणार आहेत त्यांनी तुला पाहिलंच नसेल तर काय, एवढं स्वतःला विचार.

ताई, माझं टार्गेट एमपीएससी. पेठेतल्या खोलीचं भाडं आणि अभ्यासिकेची फी परवडत नाही. मित्र म्हणतोय विद्यापीठात कुठल्याही सोप्या विषयाला एमएला ॲडमिशन घे, हॉस्टेल मिळतं, जयकरची रीडिंग मिळते, कॉलेज काही करावं लागत नाही. करू का? नाहीतर मित्राच्या रूमवर पॅरासाइट म्हणून राहतो.

पॅरासाइट म्हणजे काय ते बाकी वाचकांना सांगायला हवं, हॉस्टेलच्या खोलीत ज्याच्या नावावर कॉट नाही असा जो जास्तीचा गडी गादी टाकून राहतो तो. जुना शब्द आहे, राहणारा स्वतःच स्वतःला हसत हसत म्हणवून घेतो. रेड पडली की गॅलरीतून, बाथरूममधून पळापळ, पकडला गेला तर ज्याच्या नावावर खोली आहे त्याचं हॉस्टेल जायची वेळ येते. तेव्हा मित्राचं नुकसान करून राहू नकोस, एवढं पहिलं.

आता ॲडमिशनचं. तुझी अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही, पुण्यात पोराला झोपायला जागा आणि वाचायला टेबल मिळावं म्हणून एमएचा अर्ज भरावा लागतो ही आपल्या सगळ्यांनाच लाज वाटायची गोष्ट आहे, गावाकडून येणारी हजारो मुलं दुसरं करणार तरी काय. पण तू ज्याला सोपा विषय म्हणतोयस ना, त्या विषयाची एक सीट तू घेतलीस की वेटिंग लिस्टवर वरच्या पत्रातल्या लातूरच्या मुलीसारखी जी मुलगी असते ती घरी बसते. वर्गात साठ नावं आणि बाकावर वीस डोकी, हे दृश्य बघून शिकवणाऱ्याचा पण जीव जातो हळूहळू. मला याचा राग येतो, लपवत नाही.

म्हणून माझं उत्तर, ॲडमिशन घे, पण विषय असा घे जो तू खरंच करशील. आणि यात तुझाच स्वार्थ आहे बघ. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्यायांवर गोल काळे करायचे दिवस गेले, आता पानंच्या पानं लिहायची आहेत, आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आहेत. राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, भूगोल यातलं काही एमएला मनापासून केलंस तर तोच तुझा वैकल्पिक विषय, त्याचीच असाइनमेंट म्हणजे उत्तरलेखनाचा सराव, वर तपासून द्यायला हक्काचे सर. याच गोष्टीला बाहेर क्लासवाले किती पैसे घेतात ते तुला माहितीये. आणि दोन-तीन वर्षांत पोस्ट नाही निघाली तर हातात नुसतं उलटलेलं वय नसतं, एक डिग्री असते जिच्यावर सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा देता येतात. कॅम्पसवर असे बरेच जण बघितलेत जे जयकरच्या त्याच खुर्चीवर चौथ्या वर्षीही बसलेत आणि एमएचं दुसरं सेमिस्टर अजून बॅकलॉगमध्ये आहे, त्यांच्याशी एकदा चहाला बस, मी सांगण्यापेक्षा ते नीट सांगतील.

मी नंदुरबारचा, एमए इकॉनॉमिक्सला येऊन दोन महिने झाले. लेक्चर इंग्रजीत, पुढच्या बाकावरची मुलं फाडफाड बोलतात, मी मागे बसतो. शनिवार-रविवार तर खायला उठतो. आल्या आल्या एकाने विचारलं कुठल्या कॅटेगरीतून आलास, तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाही. परत जावंसं वाटतंय.

थांब, परत जायचं दिवाळीनंतर ठरवू. दोन महिन्यांत परत जावंसं वाटलं नाही असा बाहेरगावचा विद्यार्थी मला अजून भेटायचाय.

इंग्रजीचं आधी. मानव्य आणि सामाजिक शास्त्रांत बहुतेक ठिकाणी पेपर मराठीत लिहिता येतो, तुझ्या विभागात काय नियम आहे ते ऑफिसात विचारून घे आणि येत असेल तर बिनधास्त मराठीत लिही, त्यात काही कमीपणा नाही. पण वाचायचं मात्र इंग्रजीच आहे, त्याला पळवाट नाही, चांगली पुस्तकं आणि पेपर सगळे इंग्रजीत. माझी पद्धत अशी होती की आधी तो विषय मराठीत समजून घ्यायचा, मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, त्यातली अर्थशास्त्राची जुनी नोंद वाचायची, मग सरांनी दिलेलं इंग्रजी प्रकरण घ्यायचं, म्हणजे शब्द अडतात पण मुद्दा अडत नाही. प्रेझेंटेशनला स्लाइड इंग्रजीत कर आणि बोल मिक्स, सर स्वतः निम्मं मराठीतच बोलत असतील बघ. आणि पुढच्या बाकावरचे फाडफाड बोलतात म्हणजे त्यांना कळलेलं असतं हा तुझा समज पहिल्या इंटर्नलचे मार्क लागले की जाईल. गावाकडच्या बाजारात कापसाचा भाव कसा पडतो, व्यापारी उचल कशी देतो हे तू डोळ्याने बघितलंयस, ते वर्गात सांग एकदा, डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सच्या लेक्चरला आणखी काय लागतं.

कॅटेगरी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. काही जण अडाणीपणाने विचारतात, काही जण मुद्दाम. पहिल्याला नंतर समजावता येतं. दुसरा प्रकार असेल आणि परत परत होत असेल तर एकट्याने गिळू नकोस, विभागप्रमुखांकडे लेखी दे, विद्यापीठात समान संधी कक्ष असतो, अँटी रॅगिंगची समिती असते, ॲडमिशनच्या वेळी आपण सगळ्यांनी जे प्रतिज्ञापत्र न वाचता भरलं ते याचसाठी असतं. तोंडी सांगितलेलं विरून जातं, कागदाला उत्तर द्यावं लागतं.

शनिवार-रविवारी कॅम्पस खरंच ओस पडतो, पुण्यातली मुलं घरी, जवळची गावाला. तुझ्या जिल्ह्याची एक टोळी कॅम्पसवर नक्की असणार, प्रत्येक जिल्ह्याची असते, त्यांना शोध. ते तुला जुन्या नोट्स देतील, आजारी पडलास तर पेज करून आणतील, घरून आलेला लाडू वाटून खातील. फक्त दोन्ही वर्षं त्यांच्यातच राहू नकोस, नाहीतर पुण्यात राहून नंदुरबारमध्येच राहिल्यासारखं होतं. अनिकेत कँटीनला एकटा जाऊन बस, तिथे अर्ध्या तासात कुणी ना कुणी टेबल शेअर करतंच. ललित कला केंद्रातल्या मुलांचे प्रयोग, मैफली होत असतात त्या बघ. आणि आयुकात जा रे. डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था, चार्ल्स कोरियांनी बांधलेली वास्तू, आत न्यूटन, आइनस्टाइन, गॅलिलिओ, आर्यभट पुतळे होऊन बसलेत, तुझ्या हॉस्टेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाहेरगावाहून लोक बस करून बघायला येतात आणि आपली मुलं दोन वर्षांत एकदाही जात नाहीत. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तर सगळ्यांना खुलं असतं. अर्थशास्त्रवाल्याने आकाश बघू नये असा काही नियम नाही.

मी नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजला तिसऱ्या वर्षाला आहे. मार्कशीटवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ लिहिलेलं असतं पण मी विद्यापीठ आजवर बघितलेलं नाही. आमचा त्याच्याशी संबंध फक्त परीक्षा आणि रिव्हॅल्युएशनपुरता. आम्ही विद्यापीठाचे विद्यार्थी आहोत का नाही?

आहात, आणि तुमच्यासारखेच जास्त आहेत. कॅम्पसवर शिकणारे मूठभर, बाकी पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांत. विद्यापीठ सुरू झालं तेव्हा १८ कॉलेजं होती आणि हद्द पार कोल्हापूरपर्यंत होती. मग १९६२ ला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० ला जळगावचं झालं, हद्द आक्रसत गेली, पण कॉलेजं वाढतच गेली. एवढ्या सगळ्यांचे पेपर काढायचे, तपासायचे, निकाल लावायचे म्हटल्यावर विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारं एक मोठं ऑफिस होऊन बसतं, तुम्हाला जे दिसतं ते तेवढंच. आता कॉलेजं स्वायत्त होतायत, पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज तर २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठच झालं, तेव्हा हे ओझं थोडं हलकं होईल असं म्हणतात, बघू.

रिव्हॅल्युएशनचं म्हणशील तर आधी फोटोकॉपी मागव, स्वतः बघ, शिकवणाऱ्या सरांना दाखव आणि मग ठरव, डोळे झाकून पैसे भरू नकोस. तारखा मात्र कमी दिवसांच्या असतात, निकालाच्या दिवसापासून साइट बघत राहा.

आणि एकदा ये की बघायला, कुणी अडवत नाही. मेन बिल्डिंगच्या समोर सावित्रीबाईंचा पुतळा आहे, विद्यापीठाला त्यांचं नाव २०१४ साली दिलं. २२ जून १८९७ च्या रात्री याच बंगल्यातली राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटपून रँड निघाला आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी त्याला गाठलं. अलीकडे त्या रस्त्यावर गाठायचं झालं असतं तर चापेकरांना काही धावावं लागलं नसतं, २०२० साली चौकातले पूल पाडले आणि मेट्रोचं काम सुरू झालं तेव्हापासून गाड्या उभ्याच असायच्या तिथे. शिवाजीनगरहून येणार असशील तर वेळ हातात ठेवून निघ. आत आलास की मोठाले वड आहेत, ॲलिस गार्डन आहे, डबा आणलास तर तिथे खा.

कमवा आणि शिका योजनेत काय काम देतात? हलकं काम असतं म्हणतात, लाज वाटेल का?

ग्रंथालयात पुस्तकं लावणं, ऑफिसात फायली, डेटा एंट्री, बागेत झाडांना पाणी, साफसफाई, जिथे गरज तिथे. दिवसाचे दोन-तीन तास, लेक्चरच्या आधी नाहीतर नंतर, तासाच्या हिशेबाने मानधन, ते बँकेत जमा होतं. योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे, आणि आज मोठ्या मोठ्या खुर्च्यांवर बसलेले किती जण कधीकाळी इथलीच झाडं पाणी घालून जगवत होते ते विचारून बघ. मेसचा खर्च बराचसा निघतो, सगळा नाही. लाज एक आठवडा वाटते, तेही कुणी वर्गातलं दिसलं तर. शक्य असेल तर ग्रंथालय माग, हात पुस्तकावरून फिरत राहतो आणि परीक्षेच्या काळात कुठलं पुस्तक कुठे दडवून ठेवलंय ते फक्त तुलाच माहीत असतं.

एमएस्सी संपत आली. पीएचडी करायची इच्छा आहे, गाईड कसा निवडायचा?

गाईड निवडायच्या आधी पोटाचं बघ. नेट वर्षातून दोनदा होते, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप लागली तर महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार, शिवाय घरभाडं, आणि २०२४ पासून नेटच्या मार्कांवर नुसता पीएचडी प्रवेशही मिळू शकतो. सेट महाराष्ट्र-गोव्यासाठी आपलंच विद्यापीठ घेतं पण तिच्यावर फेलोशिप नाही, प्राध्यापकीसाठी ती. बार्टी, सारथी, महाज्योती या शासनाच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर डोळा ठेव, जाहिरात कधी येईल आणि यादी कधी लागेल याचा नेम नसतो, आंदोलन केल्याशिवाय लागत नाही असंही बऱ्याचदा झालंय. फेलोशिप नसताना पीएचडीला बसू नकोस असं मी म्हणणार नाही, पण घरचे पाच वर्षं किती विचारतील याचा अंदाज घेऊन बस.

गाईडचं म्हणशील तर मोठं नाव बघून जाऊ नकोस. त्यांच्याकडे आत्ता किती जण आहेत, मागचे किती वर्षांत बाहेर पडले, किती जण अर्ध्यात सोडून गेले, प्रकरण लिहून दिलं की किती दिवसांत वाचून परत येतं, हे सगळं त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. मुलगी असशील तर हे जास्तच नीट विचारून घे, आणि मुलींनाच विचार. त्यांना चहाला ने, पण डिपार्टमेंटच्या जवळच्या टपरीवर नको, औंधला नाहीतर खडकी बाजारात ने, म्हणजे मोकळं बोलतील. बिल तू दे.